वॅलेटा कानांनी: बंदरावरच्या पाच-सहा तासांत शहराची ऑडिओ टूर कशी तयार कराल

जहाजावरच्या तिघींच्या वाद्यवृंदात मी व्हायोलिन वाजवते. एका हंगामात आमचं जहाज दर दुसऱ्या आठवड्याला माल्टाच्या राजधानीत, म्हणजे वॅलेटात, लागायचं. सकाळी आठला धक्क्याला, संध्याकाळी बाहेर. आमचं वादन रात्री असायचं, त्यामुळे दिवसाचे पाच-सहा तास माझे होते. त्या तुकड्यांमधून मी या शहराची मराठी ऑडिओ टूर तयार केली. आधी जहाजावर काम करणाऱ्या रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या मुलामुलींसाठी आणि नंतर आई-बाबा माल्टाला आले तेव्हा त्यांच्यासाठी.

पहिला प्रयत्न फसला. ८० मिनिटं मी अखंड बोलले होते. कोणी बांधलं, कधी बांधलं, सगळं होतं त्यात. हाउसकीपिंगमधली एक मुलगी ती लावून फिरून आली आणि म्हणाली, "ताई, तुम्ही बोलत होतात तेव्हाच बाराची तोफ झाली. सगळे दचकले, मला नीट ऐकूच आली नाही." त्या दिवशी मी सगळं पुसलं आणि नव्याने सुरुवात केली. दुसरी टूर ५० मिनिटांची झाली आणि त्यात माझा आवाज जेमतेम २५ मिनिटं आहे. तुम्हीही वाद्य घेऊन गावोगाव फिरत असाल आणि अशी टूर करायची असेल, तर मला जे दोन हंगाम लागले ते तुम्हाला लागू नयेत म्हणून हे लिहिते आहे.

काय काय लागेल

- जहाजावर असाल तर क्रू कार्ड आणि पासपोर्टची प्रत. बंदरात उतरण्याचे नियम तुमच्या क्रू ऑफिसकडून दर वेळी विचारून घ्या. पर्यटक म्हणून येत असाल तर शेंगेन व्हिसा आणि प्रवास विमा. माल्टा २००७ पासून शेंगेनमध्ये आहे, चलन युरो.
- महागडं वाद्य किंवा रेकॉर्डर भारतातून नेत असाल तर निघताना विमानतळावरच्या कस्टमकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्या. परत येताना ही वस्तू तुमचीच आहे, बाहेर विकत घेतलेली नाही, हे त्यावरून दाखवता येतं. ही पाच मिनिटं बहुतेक वादक टाळतात. टाळू नका.
- हातात मावणारा स्टिरिओ रेकॉर्डर आणि त्यावर चढवायचं केसाळ विंडशील्ड. फोनवरही काम होतं, पण विंडशील्डशिवाय होत नाही. वॅलेटा तिन्ही बाजूंनी पाण्याने वेढलेलं आहे, वारा थांबतच नाही.
- कान पूर्ण झाकणारे हेडफोन.
- वही आणि पेन्सिल. टिपणं फोनवर घेतली तर त्याचे आवाज रेकॉर्डिंगमध्ये येतात.
- शहरात मुक्काम असेल तर ब्रिटिश पद्धतीचा, तीन चौकोनी पिनांचा ॲडॅप्टर.
- आवाज देणाऱ्यांसाठी संमतीचा एक साधा कागद. त्याबद्दल पुढे सांगते.

१. पहिल्या फेरीत काहीही रेकॉर्ड करू नका

हे सगळ्यांत अवघड आहे, कारण हातात यंत्र असलं की बटण दाबावंसं वाटतं. पहिले तीन-चार तास नुसतं चाला आणि वहीत लिहा: किती वाजता, कुठे, कोणता आवाज.

वॅलेटा फार लहान आहे, लांबी साधारण एक किलोमीटर. १५६५ च्या वेढ्यात ऑटोमन सैन्य परतवून लावल्यावर सेंट जॉनच्या सरदारांच्या संघटनेने, तिचे प्रमुख जाँ द ला व्हॅलेट यांच्या नेतृत्वाखाली, १५६६ मध्ये हे शहर उभारायला घेतलं. रस्ते पट्टीने आखल्यासारखे सरळ. घरं मधाच्या रंगाच्या मऊ चुनखडीची, उंच, एकमेकांना चिकटून. त्यामुळे इथे आवाज विचित्र वागतो. घोडागाडीच्या टापा एका रस्त्यावर वाजतात आणि तुम्हाला त्या दुसऱ्याच कोपऱ्यातून ऐकू येतात. अरुंद गल्लीत शब्दाला कोरडी, कडक धार येते, आणि तटबंदीवर पोचलात की तोच आवाज पाण्यावर पसरून विरतो. तानपुऱ्याची जवारी लावताना जसं कान देऊन ऐकतो, तसं ऐका. कोणत्या गल्लीत घुमारा आहे आणि कोणत्या गल्लीत नाही, हे वहीत आलं की अर्धी टूर झाली.

२. जहाजाचं घड्याळ आणि शहराचं घड्याळ

ग्रीसकडून माल्टाला आलात की स्थानिक वेळ एक तास मागे जाते. जहाज मात्र कधी कधी आपली वेळ बदलत नाही. फोन आपोआप स्थानिक वेळ दाखवतो आणि परतीची वेळ जहाजाच्या घड्याळाप्रमाणे लिहिलेली असते. उतरताना गँगवेजवळच्या फलकावर दोन्ही वेळा बघा आणि मनगटावर साधं घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून ठेवा. एकदा धक्क्याच्या फाटकापर्यंत मी धावत आले आहे, वाद्य पाठीवर घेऊन.

टूरमध्ये मात्र फक्त स्थानिक वेळ सांगा.

३. समेवरून मागे मोजा

आता मुख्य गोष्ट. अपर बराक्का बागेच्या खालच्या सलामीच्या तोफखान्यातून दुपारी १२ वाजता तोफ उडते (दुसरी ४ वाजता). पूर्वी बंदरातली जहाजं तिच्यावर आपली घड्याळं लावायची. शहराच्या दिवसाची ही सम आहे. गाणारा समेवर यायचा असेल तर तो तिहाई, म्हणजे तीनदा घेऊन समेवर संपवायचा तुकडा, कुठून उचलायची ते आधीच मोजतो. तुमची वाट तशीच मोजा.

तोफेच्या दहा मिनिटं आधी श्रोता कठड्याशी पोचला पाहिजे, नंतर जागा मिळत नाही. म्हणजे ११:५० ला बागेत. सेंट जॉनच्या चौकातून बागेपर्यंत रमतगमत आठ-दहा मिनिटं. म्हणजे ११:४० ला चौक सोडायचा. असं मागे येत येत माझी टूर बरोबर ११ वाजता शहराच्या वेशीबाहेर ट्रायटन कारंज्याशी सुरू होते. सुरुवातीच्या वाक्यातच मी ते सांगते: "आत्ता अकरा वाजले नसतील तर थांबा."

तोफेच्या क्षणी टूरमध्ये काय वाजवायचं? काहीच नाही. ११:५५ चा ट्रॅक एवढंच सांगतो की आता हेडफोन काढा, कठड्याला हात लावून उभे राहा, तोफ झाल्यावर लगेच निघू नका. समोर पाण्यापलीकडे सेंट अँजेलो किल्ला आणि 'थ्री सिटीज' म्हणतात त्या तीन जुन्या शहरांच्या तटबंद्या आहेत, त्यांच्यावर आपटून आवाज परत येतो, मग पक्षी उठतात, एखादं मूल रडायला लागतं, आणि मग बंदराचे रोजचे आवाज हळूहळू परत वर येतात. ते तीस सेकंद तोफेपेक्षा मोलाचे आहेत.

जो माणूस दुपारी दोनला येईल त्याच्यासाठी त्याच टप्प्याचा दुसरा ट्रॅक करा, त्यात रेकॉर्ड केलेली तोफ घाला. दोन्ही ट्रॅकना स्पष्ट नावं द्या: "बाराला आलात तर", "एरवी आलात तर".

तोफ रेकॉर्ड करताना आवाजाची पातळी फार खाली ठेवा, इतकी की गर्दीच्या बोलण्याने मीटर जेमतेम हलावं. गर्दीवर पातळी लावली तर तोफेचा आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही. तुमचा रेकॉर्डर ३२ बिट फ्लोटचा, म्हणजे फार मोठा आवाजही न फाटता टिपणाऱ्या पद्धतीचा, असेल तर ही काळजी बरीच कमी होते. तरी मी दोन वेगळ्या दिवशी, दोन वेगळ्या जागांवरून घेतलं. बागेतून तोफ छातीत बसते. पुढे लोअर बराक्का या दुसऱ्या बागेजवळ उभं राहिलात तर तीच तोफ लांबून येते आणि बाराच्याच सुमाराला तिथली वेढ्याच्या स्मारकाची मोठी घंटा वाजते. दुसऱ्या महायुद्धात माल्टाच्या वेढ्यात मेलेल्यांच्या आठवणीसाठी १९९२ मध्ये ती बसवली. एका दिवशी दोन्ही ठिकाणी असता येत नाही, म्हणून दोन फेऱ्या धरूनच चाला.

४. टप्पे कमी ठेवा

माझे आठ आहेत. कारंजं, ऑपेरा हाउसचे अवशेष, स्ट्रेट स्ट्रीट, मानोएल थिएटर, सेंट जॉनचा चौक, अपर बराक्का, तिथून खाली उतरणारी पायऱ्यांची गल्ली, आणि लोअर बराक्का. सगळ्यांना सारखा वेळ देऊ नका. कारंज्याला माझी दीड मिनिटं आहेत. ज्या तीन जागी मी जास्त थांबते त्या या:

*ऑपेरा हाउस.* १८६६ मध्ये उघडलं, १८७३ मध्ये आतून जळलं, पुन्हा बांधलं आणि एप्रिल १९४२ मध्ये बॉम्बने कोसळलं. सत्तर वर्षं खांब तसेच उभे होते. वास्तुविशारद रेन्झो पियानो यांनी त्या अवशेषांतच उघडं नाट्यगृह केलं, ते २०१३ पासून चालू आहे. इथे छप्पर नाही म्हणून शहर आत येतं. श्रोत्याला रस्त्याकडे पाठ करून उभं राहायला सांगा आणि अर्धा मिनिट गप्प बसा.

*स्ट्रेट स्ट्रीट.* इतकी अरुंद की दोन्ही हात पसरले तर भिंती जवळ आल्यासारख्या वाटतात. ब्रिटिश आरमाराच्या काळात इथे खलाशांचे बार होते आणि प्रत्येक बारमध्ये वाजवणारे. बँडमध्ये पोट भरणाऱ्या माल्टीज वादकांच्या पिढ्या या गल्लीत जाझ शिकल्या. ३१ मार्च १९७९ ला ब्रिटिश सैन्य गेलं आणि गल्ली शांत झाली. आता काही बार पुन्हा उघडलेत. जहाजावर वाजवणाऱ्या गोव्याच्या वादकांसोबत मी काम करते, तेही अशाच रात्रींवर घरं चालवतात. म्हणून हा टप्पा मी दिवसा घेते, बंद दारांसमोर, फक्त पावलांच्या आवाजात.

*मानोएल थिएटर.* १७३१ मध्ये ग्रँड मास्टर, म्हणजे सरदारांच्या संघटनेचे प्रमुख, आंतोनियो मानोएल दे व्हिलेना यांनी स्वतःच्या खर्चाने बांधलं. युरोपात अजून चालू असलेल्या सर्वांत जुन्या नाट्यगृहांपैकी एक. दारावर लॅटिनमध्ये लिहिलंय, अर्थ साधारण असा: लोकांच्या सात्त्विक करमणुकीसाठी. आत लाकडी बॉक्सेस आहेत. आत जायचं तर तिकीट काढून जा आणि रेकॉर्डिंगला आधी विचारा. नाही म्हणाले तर बाहेरच्या दारापाशीच टप्पा करा, मी तेच केलं.

गुडघ्यांचा त्रास असलेल्यांना सहाव्या टप्प्यावर टूर संपवायची मुभा द्या. पुढे पायऱ्या फार आहेत. अपर बराक्काची ५८ मीटरची लिफ्ट त्यांना थेट खाली बंदराच्या बाजूला सोडते. आई तिथूनच परत गेली आणि उरलेले दोन टप्पे तिने धक्क्यावर बसून ऐकले.

५. माणसांचे आवाज

गर्दीचा गलका घ्यायला हरकत नाही. एखाद्याचा ओळखू येणारा आवाज, गाणं किंवा वादन घ्यायचं असेल तर विचारा. युरोपात खाजगी माहितीचे नियम कडक आहेत, आणि नियम नसते तरीही विचारायलाच हवं, कारण आपलं कोणी न विचारता रेकॉर्ड केलं की आपल्यालाही लागतं. कागदावर चार ओळी पुरतात: काय घेतलं, कुठे वापरणार, टूर फुकट की विकत, नाव द्यायचं की नाही. गाणाऱ्याची संमती वेगळी आणि गाण्याच्या रचनाकाराचा हक्क वेगळा, हे विसरू नका.

चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना रेकॉर्डर बाहेरच काढू नका. सेंट जॉनच्या को-कॅथेड्रलमध्ये कॅराव्हॅजिओचं १६०८ मधलं मोठं चित्र आहे, त्यासाठी जरूर आत जा, पण टोकदार टाचांचे बूट घालू नका. जमिनीवर सरदारांच्या संगमरवरी समाध्या आहेत, तशा बुटांनी आत सोडत नाहीत. घंटा मात्र बाहेरच्या चौकातून छान मिळतात.

रस्त्यात उभं राहून स्वतः वाजवायचं मनात असेल तर आधी स्थानिक कौन्सिलकडे परवानगीची चौकशी करा.

आणखी एक मोह टाळा. माल्टाचं लोकगायन आहे, 'आना' म्हणतात. २०२१ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं. त्यातल्या 'स्पिर्तू प्रॉन्त' प्रकारात दोन गायक गिटारच्या साथीवर जागच्या जागी ओळी जुळवत एकमेकांना उत्तर देतात. आपल्या कलगी-तुऱ्यातला सवाल-जवाब ज्याने ऐकलाय त्याला हे लगेच कळेल. पण त्याची जागा गावातल्या बारांत, कष्टकऱ्यांच्या बैठकीत आहे. वॅलेटाच्या प्रत्येक टप्प्याखाली पार्श्वसंगीत म्हणून ते लावलं तर ते गाणाऱ्यांवरही अन्याय आणि शहरावरही. मी ते एकदाच वापरलं, शेवटच्या टप्प्यावर, कोणत्या परंपरेतलं आहे ते सांगून, संमतीने.

६. टप्प्यांमधलं संगीत स्वतःचं वापरा

वादक असण्याचा हा फायदा आहे. दोन टप्प्यांमध्ये आठ-दहा सेकंदांचे तुकडे मी व्हायोलिनवर वाजवले. तोफेकडे जाताना मध्यान्ह येते म्हणून वृंदावनी सारंग. सेंट जॉनच्या घंटेआधीच्या तुकड्याचा षड्ज मी घंटेच्या स्वराला जुळवून घेतला. श्रोत्याला ते सांगितलेलं नाही, पण घंटा वाजते तेव्हा ती परकी वाटत नाही. विकत किंवा फुकट मिळणारं तयार संगीत लावलंत तर परवान्यांचा गुंता वाढतो आणि ते कोणत्याही शहराखाली खपेल असंच वाजतं.

७. मजकूर: थोडा, आणि बोलता येईल असा

आधी बोला, मग लिहा. मी चालत चालत फोनवर बोलायचे आणि ते उतरवून काढायचे. माझा वेग मिनिटाला साधारण ११० शब्द आहे. तुमचा मोजून घ्या. एका टप्प्यावर तीनशे शब्दांच्या वर जाऊ नका.

दिशा सांगताना "डावीकडे" पुरत नाही. श्रोत्याचं तोंड कुठे आहे तुम्हाला माहीत नसतं. "समुद्र उजव्या हाताला ठेवा", "उतार सुरू होतो त्या बाजूला" असं सांगा.

नावांचे उच्चार माल्टीज माणसाकडून तपासा. ही भाषा अरबी कुळातली, पण रोमन लिपीत लिहितात, त्यामुळे इंग्रजी सवयीने वाचलं की हमखास चुकतं. एक्स हे अक्षर 'श', साधा जे 'य', आणि क्यू हा घशातच अडवलेला झटका. शहराला लोक वॅलेटा कमी आणि 'इल-बेल्त' जास्त म्हणतात, म्हणजे नुसतं 'शहर'. आपल्या कानाला ओळखीचे शब्दही सापडतात: पुस्तकाला 'क्तिएब', जगाला 'दिन्या'. किताब आणि दुनिया. आई-बाबांना सगळ्यांत जास्त हेच आवडलं.

आपला धागा खरा असेल तिथेच जोडा. १८७८ मध्ये रशियाशी युद्ध होईल या शक्यतेने ब्रिटिशांनी सुमारे ७,००० हिंदी सैनिक मुंबईहून जहाजांनी माल्टात आणले, त्यांत मुंबई इलाख्याच्या पलटणीही होत्या. बंदर दिसतं त्या टप्प्यावर मी हे दोन वाक्यांत सांगते. त्यापुढे कल्पनेने रंग भरत नाही.

८. आवाज रेकॉर्ड करणं आणि जुळवणं

जहाजाच्या केबिनमध्ये यंत्रांची घरघर आणि एसी दोन्ही असतात. जहाज धक्क्याला असताना, एसीचा झोत बंद करून, कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्यात तोंड करून बोला. खालची ८० हर्ट्झच्या आतली गुणगुण संपादनात कापा. ऑडॅसिटी फुकट आहे आणि एवढ्या कामाला पुरतं.

मूळ रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह स्वरूपात ठेवा. स्टिरिओत मिनिटाला साधारण १७ एमबी लागतात, तासाला एक जीबी. रोज रात्री दोन ठिकाणी प्रत काढा. शेवटची फाइल १२८ केबीपीएस एमपीथ्री केली की मिनिटाला एक एमबीच्या आत बसते. सगळे ट्रॅक सारख्या मोठ्या आवाजात आणा, मी माइनस १६ एलयूएफएस धरते (आवाज कानाला किती मोठा वाटतो ते मोजायचं हे एकक). नाहीतर गल्लीतून चौकात आल्यावर श्रोता आवाज वाढवतो आणि पुढची घंटा त्याच्या कानात फुटते.

९. जीपीएसवर विसंबू नका

इझी ट्रॅव्हल किंवा व्हॉइसमॅपसारख्या ऑडिओ टूरच्या ॲपवर टूर चढवता येते आणि ठरावीक जागी पोचलं की ट्रॅक आपोआप सुरू होईल असंही करता येतं. उघड्या किनाऱ्यावर ते चालतं. वॅलेटाच्या उंच घरांच्या गल्ल्यांत फोन तुम्हाला शेजारच्या रस्त्यावर दाखवतो, आणि स्ट्रेट स्ट्रीटचा ट्रॅक रिपब्लिक स्ट्रीटवरच्या गर्दीत सुरू होतो. मी शेवटी क्रमांक दिलेले ट्रॅक ठेवले. श्रोता जागा ओळखतो आणि स्वतः सुरू करतो. प्रत्येक ट्रॅकच्या पहिल्या वाक्यात तो कुठे उभा असायला हवा ते सांगा. सगळे ट्रॅक आधीच फोनवर डाउनलोड करून घ्यायला सांगा, कारण भारतातलं सिम तिथे महाग पडतं.

१०. दुसऱ्याला पाठवा आणि मागून चाला

टूर झाली असं वाटलं की ती कधी न ऐकलेल्या माणसाला द्या. बरोबर चालू नका, वीस पावलं मागे राहा आणि बोलू नका. तो कुठे थबकतो, कुठे फोन बाहेर काढतो, कुठे चुकीच्या जिन्याकडे वळतो ते वहीत लिहा. माझ्या माणसाने चौथ्या टप्प्यावर हेडफोन काढले, कारण पलीकडच्या गल्लीतून कुठलातरी बँड सराव करत येत होता. मी तिथे दोन मिनिटं माल्टाच्या बँड क्लबांबद्दल बोलत होते. तो भाग काढला आणि त्या जागी एकच वाक्य ठेवलं: "इथे बँड ऐकू आला तर ट्रॅक थांबवा आणि आवाजाच्या मागे जा. अकरा चाळीसपर्यंत चौकात पोचलात की झालं."